शाल-श्रीफळाबरोबर पदही जाते

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

अनुदानित शाळेतला शिपाई निवृत्त होतो तेव्हा शाल, श्रीफळ, दोन भाषणे आणि पेढा असा छोटेखानी कार्यक्रम होतो. त्या दिवशी माणसाबरोबर त्याचे पदही शाळेतून जाते, हे मात्र भाषणात कोणी सांगत नाही. 11 डिसेंबर 2020 च्या शासन निर्णयाने खासगी अनुदानित शाळांतील चतुर्थ श्रेणीची पदे अशीच संपवत नेली जात आहेत. कामावर असलेल्याला हात लावायचा नाही, पण तो निवृत्त झाला की पद व्यपगत, म्हणजे कायमचे रद्द. त्याच्या जागी शाळेला ठोक ‘शिपाई भत्ता’ मिळतो : मुंबई-पुण्यात महिना 10,000 रुपये, इतर महापालिका व नगरपालिका क्षेत्रांत 7,500 आणि ग्रामीण भागात 5,000.

या कपातीचा आवाज होत नाही, कारण कोणाला घरी पाठवले जात नाही. मोर्चा काढायला अन्याय झालेला माणूस लागतो. इथे माणूस पेन्शनची कागदपत्रे घेऊन समाधानाने घरी जातो आणि जे हरवते ते पुढच्या वर्षीच्या मुलांचे असते. शिवाय वेळही सोयीची. आपल्याकडे जुन्या पिढीतल्या कितीतरी जणांची जन्मतारीख शाळेच्या दाखल्यावर 1 जून अशी लागलेली आहे. महिन्याच्या पहिल्या तारखेला जन्मलेला माणूस आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो, म्हणून ही पदे 31 मे रोजी, शाळेला कुलूप असताना रिकामी होतात. जूनमध्ये मुले येतात तेव्हा प्रयोगशाळेची किल्ली मुख्याध्यापकांच्या टेबलावर पडलेली असते.

‘शिपाई’ म्हटले की वाचकांच्या डोळ्यांसमोर घंटा देणारा आणि सूचनेची वही वर्गावर्गांत फिरवणारा माणूस येतो. त्याचे काम विजेच्या घंटेने आणि व्हॉट्सॲपने बरेचसे घेतले, हे आम्हीही मान्य करतो. पण चतुर्थ श्रेणीत तो एकटा नाही. पहारेकरी, सफाईगार यांच्याबरोबर प्रयोगशाळा परिचरही याच रांगेत उभा आहे, आणि हे पत्र मुख्यतः त्याच्यासाठी आहे. परिचराचे काम वर्गातले आहे. तो गेला की शिकवण्याचा वेळ जातो, आणि किती जातो ते मोजता येते.

आधी पैशाचा हिशेब. ग्रामीण शाळेला मिळणारे 5,000 रुपये महिन्याच्या 26 कामाच्या दिवसांवर वाटले तर दिवसाला 192 रुपये पडतात. रोजगार हमीच्या कामावर महाराष्ट्रात 2025-26 साठी ठरलेली मजुरी रोज 312 रुपये होती. म्हणजे बांधावर सोळा दिवस माती टाकणाऱ्याला जेवढे मिळतात, तेवढ्यात शाळेने महिनाभर माणूस ठेवायचा आणि त्याच्या हातात सल्फ्युरिक आम्लाची बाटली द्यायची. सातव्या वेतन आयोगात सर्वांत खालच्या स्तराचे मूळ वेतनच 15,000 पासून सुरू होते, महागाई भत्ता वेगळा. राज्याची बचत मोठी आहे यात शंका नाही. मात्र तिची भरपाई कुठून होते ते पाहा. अनेक शाळांत शिक्षकच दरमहा वर्गणी काढून भत्त्यात भर घालतात, कुठे संस्था पालकांपुढे पावतीपुस्तक सरकवते, आणि जिथे दोन्ही जमत नाही तिथे ते काम मुलांवर येते किंवा होतच नाही.

आता प्रयोगशाळेत चला. राज्य मंडळाच्या दहावीत विज्ञानाचे दोन्ही भाग प्रत्येकी 40 गुणांचे आणि प्रात्यक्षिक 20 गुणांचे. बारावीत भौतिक, रसायन, जीवशास्त्र या प्रत्येक विषयात लेखी 70 आणि प्रात्यक्षिक 30. म्हणजे बारावीच्या विज्ञान शाखेत या तीन विषयांचे मिळून 90 गुण प्रयोगशाळेत ठरतात.

बारावीच्या रसायनातला एकच प्रयोग घेऊ : पोटॅशियम परमँगनेट आणि मोहर सॉल्ट (लोहाचा एक क्षार) यांचे अनुमापन, म्हणजे एका द्रावणात दुसरे थेंबाथेंबाने सोडून त्याची ताकद मोजणे. ऐंशी मुले, वीस-वीसच्या चार तुकड्या. ब्युरेट धुवायला थोडे, प्रत्येकी तीन वाचने, एखादे चुकलेले, असे धरून एका मुलाला परमँगनेटचे साधारण 60 मिलिलिटर द्रावण लागते. चार तुकड्यांचे झाले पाच लिटर. 0.1 नॉर्मल द्रावणासाठी लिटरला 3.16 ग्रॅम, म्हणजे जवळपास 16 ग्रॅम पावडर अचूक तोलायची. हे द्रावण आदल्या दिवशी करून ठेवावे लागते, कारण पाण्यातल्या सेंद्रिय कचऱ्याशी परमँगनेटची प्रक्रिया होते आणि तळाशी तपकिरी गाळ बसतो. वरचे द्रावण अलगद ओतून काचलोकरीतून गाळायचे आणि गडद तपकिरी बाटलीत भरायचे. उजेडात ठेवले की ताकद उतरते.

मोहर सॉल्ट अधिक नाजूक. लिटरला 39.2 ग्रॅम. ते नुसत्या पाण्यात विरघळवले तर द्रावण गढूळ होते, फेरस लोहाचे फेरिक होत जाते आणि मुलांची वाचने कमी येऊ लागतात. म्हणून विरघळवतानाच त्यात विरल सल्फ्युरिक आम्ल घालायचे. ते विरल आम्ल आधी करून ठेवायचे. करताना आम्ल पाण्यात घालायचे, पाणी आम्लात कधीच नाही. जाड काचेच्या चंचुपात्रात पाणी घ्यायचे, पात्र थंड पाण्याच्या परातीत ठेवायचे आणि काचकांडीने ढवळत थोडे थोडे आम्ल सोडायचे. उलट केले तर वर पडलेले पाणी जागीच उकळते आणि आम्ल तोंडावर उडते. हे सगळे जाणणारा परिचर तीन-चार वर्षांच्या सरावाने, प्रयोगशाळा सहायकाच्या आणि शिक्षकांच्या हाताखाली तयार होतो. 192 रुपये रोजावर आलेला मुलगा दिवाळीपर्यंत टिकला तरी पुष्कळ, त्याला एमआयडीसीत याच्या दुप्पट मिळतात. त्यात त्याचा दोष नाही.

द्रावण बिघडले की नेमके काय होते ते पालकांना कळत नाही म्हणून सांगतो. ऐंशी मुलांची उत्तरे ऐंशी प्रकारची येतात. फ्लास्कमध्ये आम्ल कमी पडले असेल तर गुलाबी छटा यायच्या जागी तपकिरी गढूळपणा येतो आणि अंत्यबिंदू, म्हणजे कुठे थांबायचे ती खूण, दिसतच नाही. मग फळ्यावर ‘अपेक्षित वाचन’ लिहून दिले जाते, मुले ते जर्नलमध्ये उतरवतात आणि प्रयोग ‘पूर्ण’ होतो. प्रात्यक्षिकाचे गुण सढळ हाताने वाटले जातात अशी ओरड दरवर्षी होते. ती खरी आहे. पण त्या सढळपणाची एक मुळी इथे, न जमलेल्या द्रावणात आहे.

शाळेच्या वेळापत्रकात तास 35 मिनिटांचा, प्रात्यक्षिकाला जोडतास, म्हणजे 70 मिनिटे. परिचर असेल तर मुले येण्याआधी टेबलांवर तिवई, स्पिरिटचा दिवा, परीक्षानळ्यांचा स्टँड, खुणा केलेल्या बाटल्या मांडलेल्या असतात, आणि पुढच्या वर्गावर धावणाऱ्या शिक्षकाच्या मागे धुण्याचे काम तो करतो. तो नसेल तर मांडायला पंधरा मिनिटे, आवरायला पंधरा मिनिटे. साठ मुलांच्या तुकडीचे तीन गट केले आणि वर्षात बारा प्रयोग धरले, तर 36 जोडतास होतात. प्रत्येकी 30 मिनिटे गेली की 1,080 मिनिटे, म्हणजे अठरा तास. एका तुकडीमागे पंधरा जोडतास केवळ मांडण्या-आवरण्यात संपतात. प्रत्यक्षात शिक्षक हा तोटा दुसऱ्या वाटेने भरून काढतात : बारापैकी सहा प्रयोग स्वतः टेबलावर करून दाखवतात, मुले भोवती उभी राहून बघतात. मागच्या रांगेतल्यांना दिसतो तो सरांचा शर्ट.

जीवशास्त्र आणि भौतिकाची नुकसानी आणखी मुकी असते. कोकणात आणि घाटमाथ्यावर पावसाळ्यात सूक्ष्मदर्शकाच्या भिंगावर बुरशी धरते. एकदा तिने काचेवर जाळे कोरले की ते पुसून जात नाही. उपाय साधा आहे. प्रत्येक पेटीत सिलिका जेलची पुडी ठेवायची, निळ्या रंगाच्या जेलचा रंग गुलाबी झाला की ते तापवून परत कोरडे करायचे, आणि आठवड्यातून एकदा पेटी उघडून भिंग पाहायचे. पण ‘आठवड्यातून एकदा’ हे करायला कोणीतरी नेमलेले असावे लागते. पट्टीचुंबक विरुद्ध ध्रुव शेजारी ठेवून, टोकांना लोखंडी पट्टी लावून ठेवले नाहीत तर वर्षा-दोन वर्षांत दुबळे होतात. मुले ॲमीटर बॅटरीला समांतर जोडतात आणि क्षणात तो जळतो. फेरी मारणारी दुसरी नजर असेल तर विद्युतपरिपथाची कळ दाबण्यापूर्वीच ती चूक सापडते. ती नजर नसेल तर मग जडवस्तू संग्रह नोंदवहीत (शाळेच्या टिकाऊ सामानाच्या वहीत) पंधरा ॲमीटर, आणि चालू स्थितीत चार, असे चित्र दिसते. तपासणीच्या दिवशी पंधराही टेबलावर मांडले जातात.

सुरक्षेबद्दल दोनच गोष्टी. स्पिरिटच्या दिव्याची ज्योत दिवसाच्या उजेडात जवळजवळ दिसत नाही. दिवा विझला असे समजून त्यात स्पिरिट ओतले की भडका उडतो. म्हणून दिवे तास सुरू होण्यापूर्वी, विझलेले व थंड असताना आणि दोन तृतीयांशापर्यंतच भरायचे. तासाला सापडलेल्या एकट्या शिक्षकाकडून हा नियम मोडतो, कारण विसावा दिवा मध्येच कोरडा पडलेला असतो. दुसरी गोष्ट : हातावर आम्ल सांडले किंवा भाजले तर तो भाग किमान वीस मिनिटे वाहत्या पाण्याखाली धरायचा असतो. ती वीस मिनिटे एका मुलाजवळ कोणीतरी मोठ्या माणसाने उभे राहायचे आणि त्याच वेळी उरलेल्या एकोणीस पेटत्या दिव्यांकडेही बघायचे. एका माणसाला ते जमणार नाही. शिक्षक कितीही दक्ष असो, इथे माणसे दोन लागतातच.

प्रयोगशाळा सहायकाचे पद तृतीय श्रेणीतले, त्यामुळे ते शिपाई भत्त्याच्या निर्णयात येत नाही. पण त्याच्या डोक्यावर दुसरी टांगती तलवार आहे : संच मान्यता, म्हणजे विद्यार्थीसंख्येवरून शाळेची मंजूर पदे ठरवणे. शिक्षकेतर पदांचा आकृतिबंध (किती मुलांमागे किती पदे याचा तक्ता) 28 जानेवारी 2019 च्या निर्णयाने ठरला आणि तो पटावर चालतो. पट मोजताना आधारशी जुळलेलीच मुले धरली जातात. नावाचे एक अक्षर, लिंगाचा रकाना किंवा जन्मतारीख वेगळी पडली तर वर्गात रोज हजर असलेले मूल कागदावर नसते. ऊसतोड आणि वीटभट्टीवर जाणाऱ्या कुटुंबांत अशी मुले जास्त. सीमारेषेवरच्या शाळेत पाच-सहा आधार जुळले नाहीत म्हणून पद जाऊ शकते. म्हणून पट धरण्याच्या 30 सप्टेंबरच्या तारखेआधी, जुलै-ऑगस्टमध्येच मुख्याध्यापकांनी न जुळलेल्या मुलांची यादी पालकांना दाखवावी आणि आधार केंद्रावर दुरुस्ती करून घ्यावी. ऑक्टोबरात रडून उपयोग नाही.

प्रयोगशाळेबाहेरचे काम थोडक्यात सांगतो, तरी ते हलके नाही. पिण्याच्या पाण्याची टाकी : 33 टक्के क्लोरीन असलेली ताजी ब्लिचिंग पावडर 1,000 लिटरला अडीच ग्रॅम हा साधा ठोकताळा. आधी वाटीत पाण्यात कालवायची, चुना खाली बसू द्यायचा, वरचे पाणी टाकीत सोडायचे आणि किमान अर्धा तास नळ उघडायचा नाही. पावडरीचे पोते उघडे राहिले की क्लोरीन उडून जातो आणि नुसती पांढरी माती उरते. टाकीत ती टाकली काय, न टाकली काय, सारखेच. त्याहून धोक्याची गोष्ट स्वच्छतागृहात घडते. नवखा माणूस डाग जावेत म्हणून ॲसिड ओततो आणि वास जावा म्हणून त्यावरच ब्लिचिंग पावडर टाकतो. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. बंद खोलीत तो जीवघेणा ठरू शकतो. हे सांगायला पाच मिनिटे लागतात, पण दर तीन महिन्यांनी माणूस बदलला तर दर तीन महिन्यांनी सांगावे लागते, आणि एखाद्या वेळी ते राहून जाते.

मग चाकाच्या खुर्चीवरचे मूल. दिव्यांग हक्क कायदा 2016 चा. शाळांत उतरण झाली, काही ठिकाणी ती नियमाप्रमाणे 1:12 अशीही आहे. एक फूट चढायला बारा फूट लांबी. पण खुर्ची ढकलायला, मुलाला स्वच्छतागृहात नेऊन बसवायला आणि परत आणायला माणूस नसेल तर ती उतरण फोटोपुरती. आज हे काम आई करते. ती मधल्या सुट्टीत शाळेत येते, म्हणजे तिचा अर्ध्या दिवसाचा रोजगार बुडतो. काही आया मुलांना सकाळी पाणीच कमी देतात. अंदाजपत्रकात हे कुठल्या रकान्यात दिसणार?

बदलापूरच्या शाळेत ऑगस्ट 2024 मध्ये चिमुकल्यांवर अत्याचार झाल्याचे उघड झाले तेव्हा राज्य हादरले. त्या प्रकरणातला आरोपी कंत्राटी सफाई कर्मचारी होता. 21 ऑगस्टला शासनाने निर्णय काढला : सीसीटीव्ही, तक्रार पेट्या, कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी. सगळे योग्यच. मात्र एकीकडे पडताळणीची सक्ती आणि दुसरीकडे 5,000 रुपयांत मिळेल तो माणूस, ही जोडी जमणारी नाही. पडताळणीचा अहवाल येईपर्यंत माणूस बदललेला असतो. मुलींच्या स्वच्छतागृहाकडे बघणारी मावशी, जी वीस वर्षे त्याच गावात राहते आणि जिला प्रत्येक मुलीचे घर माहीत आहे, ती स्वतःच एक सुरक्षा व्यवस्था होती. कॅमेरा घडून गेलेले दाखवतो, आणि तोही कोणी बघत असेल तर.

आमच्या बाजूचे दोषही सांगायला हवेत, नाहीतर हे पत्र एकतर्फी होईल. संस्थाचालकांच्या घरची भाजी आणणारे, बागेला पाणी घालणारे शिपाई होते, हे गावागावांत लोकांनी पाहिले आहे. पटाच्या मानाने माणसे जास्त असलेल्या शाळाही होत्या. पगाराचा बोजा हा शिक्षणाच्या खर्चातला सर्वांत मोठा भाग आहे, हेही खरे. त्यामुळे ‘2020 पूर्वीचे जसेच्या तसे परत द्या’ अशी मागणी आम्ही करत नाही. घंटेचा शिपाई आणि प्रयोगशाळेचा परिचर यांना एकाच ओळीत बसवून दोघांची एकच ठोक किंमत लावली, तिथे चूक झाली. काम मोजून पदे ठरवली असती तर काही पदे आम्हीच सोडायला सांगितली असती. सप्टेंबर 2023 मध्ये शासनाने नऊ कंपन्यांमार्फत कंत्राटी भरतीचा निर्णय काढला आणि विरोध वाढताच ऑक्टोबरमध्ये तो रद्दही केला. म्हणजे काढलेला निर्णय मागे घेता येतो, एवढे तरी सिद्ध झाले आहे.

आमचे म्हणणे असे. प्रयोगशाळा परिचर हे पद शिपाई भत्त्याच्या यादीतून बाहेर काढावे आणि ज्या शाळेत नववी-दहावीच्या किंवा अकरावी-बारावी विज्ञानाच्या तुकड्या आहेत तिथे ते नियमित वेतनश्रेणीत भरावे. बाकी पदांना भत्ताच द्यायचा असेल तर तो राज्याच्या किमान वेतनाशी बांधावा, म्हणजे दर सहा महिन्यांनी किमान वेतनातल्या महागाईच्या भागाबरोबर तो आपोआप वाढेल. 2020 साली ठरलेल्या आकड्यावर तो गोठवून ठेवू नये. भत्ता संस्थेच्या खात्यात न जाता काम करणाऱ्याच्या बँक खात्यात थेट जावा आणि बाराही महिने मिळावा, कारण टाकी आणि कुलपे उन्हाळ्यातही असतात. मुली शिकत असलेल्या प्रत्येक शाळेत किमान एक महिला सेवक कायम असावी. आणि दिव्यांग मूल पटावर आले की त्याच्यासाठी मदतनीस किती तास लागेल हे त्याच महिन्यात लिहून घ्यावे. त्यासाठी संच मान्यतेची वाट बघू नये.

पालकांनी काय करावे, हेही सांगतो, कारण शिक्षकांनी लिहिले की ‘पगारासाठी ओरडतात’ असे म्हटले जाते. पालकाच्या अर्जाला ते म्हणता येत नाही. पहिले काम माहिती काढण्याचे. माहितीच्या अधिकाराचा अर्ज जन माहिती अधिकारी, शिक्षणाधिकारी (माध्यमिक), जिल्हा परिषद यांच्याकडे द्यायचा, बृहन्मुंबईत शिक्षण निरीक्षकांकडे. दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावायचे. आपल्या राज्याच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि शब्द 150 च्या आत. विषय ‘अमुक शाळेतील चतुर्थ श्रेणी पदे’ असा ठेवा. 11 डिसेंबर 2020 नंतर या शाळेत कोणती पदे कोणत्या तारखेला व्यपगत झाली. त्यांपोटी शिपाई भत्त्याची किती रक्कम कोणत्या तारखांना जमा झाली. पुढच्या तीन वर्षांत कोणती पदे निवृत्तीमुळे रिक्त होणार. आणि मागच्या दोन वर्षांच्या शिक्षकेतर संच मान्यतेच्या प्रती. एवढेच मागा. ‘का’ विचारू नका. कारणे सांगण्याचे बंधन माहिती अधिकाऱ्यावर नाही आणि त्या एका शब्दामुळे अर्ज फिरतो. कर्मचाऱ्यांची नावेही मागू नका, पदनाम पुरे. तीस दिवसांत उत्तर आले नाही तर पुढच्या तीस दिवसांत प्रथम अपील करायचे, त्याला वीस रुपयांचे तिकीट लागते. उत्तरात सर्वांत मोलाची असते ती भत्ता जमा झाल्याची तारीख. महिने महिने रक्कम आलेलीच नाही, असे दिसले तर ‘भत्ता देतो ना’ हा युक्तिवाद तिथेच संपतो.

दुसरे काम ठरावाचे. पालक-शिक्षक संघाच्या बैठकीत एका पानाचा ठराव करा. त्यात भावना कमी आणि आकडे जास्त असू द्या : पट किती, विज्ञानाच्या तुकड्या किती, प्रयोगशाळेत काम करणारे किती होते आणि आज किती, या वर्षी मुलांनी स्वतःच्या हाताने किती प्रयोग केले. हा शेवटचा आकडा जर्नलमधून नव्हे, मुलांना विचारून घ्या. अनुदानित शाळेच्या व्यवस्थापन समितीचा अधिकार कायद्याने सल्ल्यापुरता आहे, पण इतिवृत्तात नोंद झालेल्या सल्ल्याचा क्रमांक पुढच्या अर्जात देता येतो.

तिसरे, हे कागद योग्य दारात न्या. विधान परिषदेत शिक्षक मतदारसंघाचे सात आणि पदवीधरांचे सात आमदार आहेत. आपल्या भागातला कोण हे शाळेतल्या कोणत्याही शिक्षकाला माहीत असते. नागपूरचे हिवाळी अधिवेशन डिसेंबरात आणि अर्थसंकल्प मार्चमध्ये. प्रश्न आधी द्यावा लागतो, तेव्हा कागद ऑक्टोबरातच त्यांच्या हातात पडला पाहिजे. पंचवीस शाळांचे एक-एक पान एकत्र गेले तर त्यावर तारांकित प्रश्न, म्हणजे मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा प्रश्न, निघू शकतो. एका शाळेच्या पंचवीस पानी निवेदनाची पोचपावती तेवढी मिळते. निवेदन देतानाचा फोटो काढून वर्तमानपत्राला पाठवण्याची घाई करू नका, आधी आवक क्रमांक घ्या.

आणि ज्या शाळांत येत्या 31 मे रोजी परिचर किंवा मावशी निवृत्त होत आहेत, त्यांच्यासाठी एक वेगळी सूचना. निरोपाच्या आधीचे दोन महिने त्या व्यक्तीकडून लिहून घ्या : कोणत्या कपाटात काय, कोणते द्रावण किती करायचे, कोणत्या बाटलीचे बूच अडकते, टाकीची चावी कोणत्या बाजूला फिरते, कोणत्या मुलाला फिट येते. दोनशे पानी वही पुरेल. पद गेले तरी ही वही शाळेत राहते, आणि तीच झेरॉक्स करून अर्जाला जोडता येते. पदाचे काम काय होते, हे साहेबांना वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

कळावे,
आपले,
अनुदानित माध्यमिक शाळांतील काही विज्ञान शिक्षक, प्रयोगशाळा सहायक व सेवक,
जि. सातारा